धोंडीभाऊंची आक्का

ठकूसिस्टर जखम आधी हुंगायच्या, मग बघायच्या. पट्टी सोडण्याआधी खाली वाकून, डोळे मिटून एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "गोडसर वास येतुय. हिरवा पू असणार." पट्टी सुटली की खाली हिरवट पू असायचाच. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. जो जंतू ओळखायला मला बशीत वाढवून दोन दिवस थांबावं लागायचं, तो त्यांना नाकानं कळायचा.

आंबेगाव तालुक्यातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात त्या ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. लोक रुग्णालयात येतच नसत, ठकूबाईंकडे येत. आहुपे भागातली माणसं पहाटे घरातून निघून एसटीनं खाली उतरायची. जुन्नर तालुक्यातलीसुद्धा, जवळचा दवाखाना सोडून यायची. उंच, काळ्या, हडकुळ्या बाई. पांढऱ्या साडीवर बारा महिने तोच तपकिरी स्वेटर. पायात पुरुषी कातडी चपला, आणि चालही तशीच, लांब ढांगांची. मेंढपाळांच्या घरातल्या. सातवीपर्यंत शाळेतून आलं की रानात मेंढ्यांमागं जायच्या. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मग त्या नर्सिंग शिकल्या, आणि तेव्हापासून रुग्णालयामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत होत्या.

मी तिथे गेले ते एका संशोधनाच्या कामासाठी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मेघनामॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या लोकरीतून केराटिन वेगळं काढून त्याची एक पातळ जाळी बनवली होती. केराटिन म्हणजे आपल्या नखाकेसांत असतं तेच प्रथिन. ही जाळी जखमेवर बसवली की नवी कातडी तिच्या आधारानं पसरते आणि जाळी हळूहळू विरघळून जाते. प्रयोगशाळेत, प्राण्यांवर आणि थोड्या निरोगी माणसांवर तपासून झाली होती. आता मधुमेहानं पायाला पडणाऱ्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर ती खरंच उपयोगी आहे का, हे आमच्यासह काही रुग्णालयांत बघायचं होतं. निम्म्या रुग्णांना जाळी, निम्म्यांना नेहमीचं ड्रेसिंग. कुणाला काय हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, सिस्टरनं नाही, रुग्णानंही नाही. क्रमांक घातलेली बंद पाकिटं होती. रुग्णानं संमती दिली की पुढच्या क्रमांकाचं पाकीट फोडायचं, आत जे लिहिलं असेल ते. गावाकडच्या लोकांनी त्याला चिठ्ठी म्हणायला सुरुवात केली. पाकिटं सांभाळायची, मोजमापं लिहायची आणि दर आठवड्याला पुण्याला पाठवायची, हे माझं काम.

मोजमापं सिस्टर घ्यायच्या. जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडेनं रेघ काढायची आणि आतलं क्षेत्र मोजायचं, हे मी त्यांना शिकवायला गेले तर त्यांनी कपाटाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. आत साड्यांच्या दुकानातल्या पारदर्शक पिशव्या कापून केलेले शेकडो तुकडे. प्रत्येकावर बॉलपेननं काढलेली जखम, खाली रुग्णाचं नाव. "मी कवापास्नं करते हे," त्या म्हणाल्या. "माणसाला वाटतं, बरंच व्हत न्हाई. मंग मागचा आन्‌ आजचा, दोनी कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरायचे. बारीक झालेली दिसली की भाकर गोड लागती त्याला."

पट्टी काढताना त्या दुखतंय का असं कधी विचारत नसत. विचारायच्या, "आवणी उरकली का? पाऊस हाय का तुमच्याकडं?" माणूस भाताच्या रोपांचं सांगण्यात गुंतला की चिकटलेली पट्टी अलगद निघालेली असायची. जखमेशीही बोलायच्या, एकेरीत. "भर गं आता. किती दिस तोंड उघडं टाकून बसशील?" एखादा रुग्ण वैतागला की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "घाई जखमंला नसती भाऊ, आपल्याला असती."

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला धारेवर धरलं. एका म्हातारीचं माप घ्यायचंच राहिलं होतं आणि ती निघून गेली होती. मागच्या आणि पुढच्या मापाच्या मधलं काहीतरी मी अंदाजानं लिहिलं. सिस्टरांनी वही बघितली, पेन खाली ठेवलं.

"हे तू बघितलंस?"

"नाही, पण साधारण तेवढंच असणार."

त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मला वाटलं ओरडतील. त्या शांतपणे स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. बाळंतिणींचा वॉर्ड. चार वाजता सगळ्यांचा ताप बघून तक्त्यावर लिहायचा. त्या दिवशी धोंडी, त्यांचा धाकटा भाऊ, भेटायला आला होता आणि त्याची गाडी साडेचारची. ठकूबाईंनी सात बायकांचा ताप न बघताच, सकाळसारखाच असणार म्हणून, लिहून टाकला आणि भावाला एसटीपर्यंत सोडायला गेल्या. सातव्या खाटेवरची बाई तापानं फणफणत होती. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तक्ता बघितला, ताप नव्हता, ते पुढं गेले. तिसऱ्या दिवशी ती बाई गेली.

"कुणाला कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आजपतुर न्हाई. तिचं लेकरू तिच्या आईनं नेलं. मी त्या दिवसापास्नं जे डोळ्यानं बघितलं न्हाई ते लिवलं न्हाई. आन्‌ जे बघितलं ते खोडलं न्हाई."

मी वहीतला तो आकडा रेघ मारून काढला आणि बाजूला लिहिलं, माप घेतलं नाही.

धोंडीभाऊ म्हणजे त्यांचं सगळं माहेर. आई-वडील गेलेले. लहानपणी त्याला कडेवर घेऊन त्या मेंढ्यांमागं फिरल्या होत्या. तो ओतूरच्या पलीकडं एका वस्तीवर राहायचा. थोडी शेती आणि साठेक मेंढ्या. पीक निघाल्यावर शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या. ही काळी, राठ लोकर कुणी घेत नाही. कातरून उकिरड्यावर टाकतात. मेघनामॅडम लोकर शोधत हिंडत होत्या, तेव्हा सिस्टरांनीच त्यांना धोंडीभाऊंकडं पाठवलं होतं. मी कामावर रुजू झाल्यावर एकदा पोती आणायला गेले, तेव्हा ते बांधावर बसून हसत होते.

"न्या, न्या. आमचं कुत्रं बी त्यावर बसत न्हाई. पन मला एक सांगा मॅडम, ही लोकर जखमंवर लावल्यावर माणसाला लोकर फुटंल का?"

"नाही हो भाऊ."

"मंग काय उपेग! थंडीचं एक घोंगडं तरी वाचलं असतं."

मथुराबाई, त्यांची बायको, आतून म्हणाली, "त्यांचं काय ऐकू नका. चहा घ्या." गूळ घातलेला चहा. तो आनंदी माणूस होता. सिस्टर त्याच्याविषयी बोलायला लागल्या की त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा.

दीडेक वर्ष झालं असेल. एका सकाळी धोंडीभाऊ बायकोबरोबर रांगेत उभे दिसले. सिस्टरांना वाटलं, भेटायला आले. धोंडीभाऊंनी चप्पल काढली तेव्हा ती आतून रक्तानं भिजलेली होती. बाभळीचा काटा तळव्यात मोडला होता, किती दिवसांपूर्वी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मधुमेहानं पायाची जाणीवच गेली होती. आणि मधुमेह आहे हेच त्या दिवशी कळलं.

सिस्टर वाकल्या. डोळे मिटले. बराच वेळ तशाच राहिल्या.

"काय वास येतुय आक्का?" धोंडीभाऊंनी विचारलं.

"मेंढराचा," त्या म्हणाल्या. ते हसले. मी सिस्टरांकडं बघितलं, त्या हसत नव्हत्या.

डॉक्टरांनी तपासलं, जखम साफ केली, औषधं सुरू केली आणि ते अभ्यासात बसतात असं सांगितलं. मी धोंडीभाऊंना संमतीचा कागद वाचून दाखवला, पाकिटाचं समजावलं. एरवी पाकीट सिस्टर फोडायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "तू फोड." आणि खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

आत लिहिलं होतं, नेहमीचं ड्रेसिंग.

मला ते मोठ्यानं वाचता येईना. धोंडीभाऊच म्हणाले, "न्हाई लागली व्हय चिठ्ठी? जाऊ द्या. आमचीच लोकर आमाला काय नवी हाय?"

सिस्टर खिडकीपासून वळल्या. हात धुतले, हातमोजे घातले आणि भावाचं नेहमीचं ड्रेसिंग इतक्या जपून केलं, की तसं मी पुन्हा कुणाचं केलेलं बघितलं नाही.

आठवड्यातून दोनदा ते यायचे. सिस्टर कागद ठेवून रेघ काढायच्या. पहिल्या तीन आठवड्यांत जखम थोडी आत आली. मग थांबली. मग वाढायला लागली. त्याच खोलीत, शेजारच्या खाटेवर टांग्यावरून पडून पायाला जखम झालेला एक मधुमेही म्हातारा होता, त्याला जाळी मिळाली होती. त्याची जखम आमच्या डोळ्यांदेखत भरत होती. मथुराबाई ते बघायची.

जाळी फ्रीजमध्ये असायची. पापडाच्या पापुद्र्यासारखी पांढुरकी, चौकोनी. जखमेच्या मापानं ती कात्रीनं कापायची आणि उरलेला तुकडा पिवळ्या पिशवीत, म्हणजे दवाखान्याच्या कचऱ्यात टाकायचा. जाळीचं वेष्टन एकदा उघडलं की उरलेली परत वापरायची नाही, असा नियम. एका दुपारी सिस्टर म्हाताऱ्याची जाळी कापत होत्या. तळहाताएवढी उरली. त्यांनी ती पिशवीत टाकायला हात लांब केला, आणि मथुराबाईनं तो हात धरला.

"आक्का, टाकूनच द्यायची ना? टाकायची ती तरी लाव."

"मथुरे, सोड."

"कचऱ्यात जाती ती तुज्या भावाला न्हाई चालायची? आमच्याच मेंढ्यांची हाय ती. आमी पैसा घेतला न्हाई, पोतं दिलं उचलून."

"मथुरा, गप ऱ्हा," धोंडीभाऊ म्हणाले. "नेम असंल त्यांचा."

मी त्या दिवशी मेघनामॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, धोंडीभाऊ हवं तेव्हा अभ्यासातून बाहेर पडू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. पण बाहेर पडले तरी जाळी देता येणार नाही, कारण तिची परवानगी फक्त अभ्यासापुरती, फक्त त्या पाकिटांपुरती आहे. "आणि सगळ्यांत वाईट काय माहितीये?" त्या म्हणाल्या. "ती खरंच जास्त चांगली आहे की आपल्याला तशी वाटतेय, हे मला आज सांगता येत नाही. म्हणून तर हे सगळं चाललंय."

फोन ठेवून मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले. सिस्टर एकट्याच होत्या, अवजारं उकळत होत्या. धोंडीभाऊ बाहेर बाकावर बसले होते, त्यांची पाळी पुढची. आता जे सांगते आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, मी दहा मिनिटं बाहेर जाते. फ्रीजची किल्ली टेबलावर आहे. मी काही बघितलेलं नसेल."

त्यांनी चिमटा पाण्यात सोडला. माझ्याकडं वळल्या. डोळे भरलेले होते, पण आवाज एकदम कोरडा.

"बाहीर जाऊ नगं. हितंच उभी ऱ्हा. माज्या समोर."

"पण सिस्टर, भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच म्हणते उभी ऱ्हा. तू गेलीस तर मी लावंन." त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "लावली आन्‌ भरली, तर तुमी कागदावर काय लिवाल? नेमीच्या पट्टीनं भरली. मंग उद्या तुमचं साहेब म्हणतील, नेमीची पट्टी बी चांगलीच हाय की, जाळीचा खर्च कशाला. मंग ती कुणालाच मिळायची न्हाई. कुठल्या गावात कुणाचा भाऊ पाय घेऊन बसलाय, मला म्हाईत हाय का?"

मी तिथेच उभी राहिले. धोंडीभाऊ आत आले. त्यांनी विचारलं, "काय आक्का, रडलीस व्हय?" त्या म्हणाल्या, "वाफ लागली डोळ्याला." आणि नेहमीचं ड्रेसिंग केलं.

पुढचं लवकर घडलं. जंतू हाडात उतरले. पुण्याला मोठ्या रुग्णालयात नेलं. आधी दोन बोटं काढली, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, कुणी काही हयगय केली नाही. सिस्टर रजा टाकून तिथं जमिनीवर चटई टाकून राहिल्या. एका दुपारी मी भेटायला गेले. धोंडीभाऊ चादरीखालचा सपाट भाग चाचपत म्हणाले, "मॅडम, ह्या पायाचं माप आता काय लिवणार?" सिस्टर म्हणाल्या, "जे हाय ते लिवणार." ते बहिणीकडं बघून हसले. "आक्का तशीच हाय. ल्हानपणी बी मेंढरू हरवलं की खरं सांगायची, मंग आमी दोघं मार खायचो."

पाय काढल्यावर पाचव्या दिवशी त्यांचं हृदय बंद पडलं.

वस्तीवर माती झाली. मी गेले होते. सिस्टर भावाच्या पायाशी, म्हणजे जो एक पाय होता त्याच्याशी बसल्या होत्या. मथुराबाई त्यांच्याकडं बघत नव्हती. दहाव्याला तिनं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "हिच्या हातात औषध व्हतं. हिनं दिलं न्हाई. ही माजी नणंद न्हाई." सिस्टर उठल्या. नदीच्या घाटावरून एकट्या चालत सडकेपर्यंत गेल्या आणि मिळेल त्या गाडीनं परत आल्या. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. नवा रुग्ण आला, तेव्हा पाकीट त्यांनी स्वतः फोडलं. त्यात जाळी निघाली. "नशीबवान हाय बाबा," त्या म्हणाल्या, आणि कापायला घेतली. कात्री दोनदा खाली ठेवावी लागली.

त्या वर्षी भाऊबीजेला त्यांनी सुट्टी घेतली नाही. दुपारी मी डबा घेऊन गेले तर त्या पत्र्याच्या पेटीतले कागद मांडून बसल्या होत्या. धोंडीभाऊंचे सगळे कागद खिडकीशी धरलेले, एकावर एक. मला बघून त्यांनी ते खाली घेतले. म्हणाल्या, "चौथ्या आठवड्यात थांबली व्हती बघ. तितं काय केलं असतं तर?" त्या हे मला विचारत नव्हत्या.

अभ्यास संपला. बरेच महिने हिशेब-पडताळणीत गेले. मग एक दिवस मेघनामॅडम स्वतः आल्या, डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनी निष्कर्ष सांगितला. जाळी चमत्कार नव्हती. पण नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा जखमा लवकर भरल्या होत्या आणि पाय कापण्याची वेळ कमी जणांवर आली होती. आता पुढच्या परवानग्या मागता येणार होत्या. त्या म्हणाल्या, सगळ्या केंद्रांमध्ये आपल्या केंद्राची नोंद सर्वांत चोख होती. टाळ्या वाजल्या.

सिस्टर मागच्या खुर्चीत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, एक इचारू? आमचा धोंडी त्या आकड्यात हाय का?"

मेघनामॅडमनी हातातले कागद खाली ठेवले. "आहेत, सिस्टर. त्यांच्यासारख्यांमुळेच फरक दिसला."

"बरं," सिस्टर म्हणाल्या आणि बसल्या. सभा संपल्यावर माझ्याजवळ आल्या. "तुजी गाडी हाय ना? मला वस्तीवर सोडशील?"

"कशाला सिस्टर?"

"मथुरीला सांगाया पायजे. जाळी चांगलीच व्हती म्हणून. पेपरात येईल, कुणीतरी सांगंल. दुसऱ्याच्या तोंडून कळाया नगं."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. न सांगितलं तर काय बिघडतं, ती अजून तुटेल, असं बरंच काही म्हटलं. त्यांनी स्वेटरची बटणं लावली आणि स्कूटरवर मागं बसल्या.

ओतूर ओलांडून आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मेंढ्या विकून टाकलेल्या, त्या कोंडायच्या वाडग्यात गवत माजलेलं. मथुराबाई दारात तांदूळ निवडत होती. सिस्टर अंगणाबाहेरच थांबल्या.

"मथुरे."

तिनं मान वर केली नाही.

"अभ्यासाचा निकाल लागला. जाळी चांगली व्हती. लावली असती तर पाय वाचला असता का, ते कुणीच सांगू शकत न्हाई. पन वाचला असता असं बी आसंल. हे मी तुला सांगाया आले."

सुपातला हात थांबला. कुठंतरी पंप चालू होता तेवढाच आवाज.

"हे सांगाया एवढ्या लांब आलीस?" मथुराबाई म्हणाली.

"व्हय."

"मी काय करू ह्याचं?"

"म्हाईत न्हाई मला," सिस्टर म्हणाल्या. "मी बी काय करू, मला म्हाईत न्हाई."

मथुराबाई सूप घेऊन आत गेली. मला वाटलं, आता दार लावेल. थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिनं नणंदेच्या हातात दिला नाही. उंबऱ्याबाहेर, पायरीवर ठेवला आणि परत आत गेली. दार उघडंच राहिलं.

सिस्टर अंगण ओलांडून पायरीपाशी गेल्या. बसल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू निघ पोरी. मी येते एसटीनं."

पुढच्याच महिन्यात मला दुसऱ्या गावी नोकरी लागली. त्यानंतर वर्षभरात सिस्टर वारल्याचा फोन आला, तेव्हा मी जाऊ शकले नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, स्कूटर वळवताना. भावाच्या घराच्या पायरीवर त्या पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. तांब्या दोन्ही हातांनी मांडीत धरलेला. पीत नव्हत्या, खालीही ठेवत नव्हत्या. उघड्या दारातून आत बघत होत्या.